रशियाशी व्यापार वाढला, रशियाचे जाणकार कोठे आहेत?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर यांपैकी कोणत्याही रेल्वे स्थानकाबाहेर पडले की परदेशात, विशेषतः रशियात, वैद्यकीय शिक्षण घेण्याचे आवाहन करणारा फलक कोठे ना कोठे दृष्टीस पडतोच. बारावीनंतरची पाच-सहा वर्षे, वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीचा मोठा हिस्सा आणि प्रसंगी गावाकडची जमीन पणाला लावून उपनगरांतील मुलेमुली त्या देशाची वाट धरतात. परंतु रशियन भाषा, त्या देशाचा इतिहास, तेथील अर्थव्यवस्था आणि समाजजीवन यांच्या अभ्यासासाठी तिकडे निघालेला विद्यार्थी या उपनगरांत शोधूनही सापडणे कठीण. रशियात शिकणारे पुष्कळ, रशियाचा अभ्यास करणारे विरळा, अशी आजची स्थिती आहे. ती केवळ विद्यार्थ्यांच्या आवडीनिवडीचा परिणाम आहे असे मानून सोडून देता येणार नाही.

कारण याच काळात त्या देशाशी असलेला आपला आर्थिक व्यवहार कधी नव्हे एवढा वाढला आहे. २०२१-२२ या वर्षी भारत-रशिया व्यापार सुमारे १३ अब्ज डॉलरांचा होता. २०२४-२५ मध्ये तो सुमारे ६८.७ अब्ज डॉलरांवर गेला. या वाढीचा बहुतांश भाग आयात केलेल्या खनिज तेलाचा आहे. आपली निर्यात मात्र पाच अब्ज डॉलरांच्याही आतच राहिली. या विषमतेमुळे भारतीय बँकांत रशियाचे रुपये साचून राहिले, आणि त्यांचे काय करावयाचे हा प्रश्न त्या देशाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी मे २०२३ मध्ये गोव्यातच बोलून दाखविला. निर्यात न वाढण्याची कारणे अनेक आहेत. निर्बंध, विमा, वाहतूक, बँकांची धास्ती ही त्यांतील मोठी. तथापि ज्या बाजारपेठेत मालावरील माहिती रशियन भाषेतच छापावी लागते, प्रमाणपत्रे रशियन भाषेत मिळतात आणि मध्यम दर्जाचा व्यापारी इंग्रजीत बोलण्यास अनुत्सुक असतो, तेथे भाषा जाणणाऱ्या माणसांचा अभाव हेही एक कारण असणार, हे उघड आहे.

पवईचा वारसा

मुंबईच्या उपनगरांना रशियाचा परिचय नवा नाही. अंधेरीच्या पूर्वेस आणि घाटकोपर-मुलुंडच्या पश्चिमेस पवई येथे जी तंत्रविद्या संस्था उभी आहे, तिची उभारणी युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्याने झाली. १९५८ साली वरळीच्या तात्पुरत्या जागेत वर्ग सुरू झाले आणि १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पवईला कोनशिला बसली. पुढील काही वर्षांत सोव्हिएत संघातील ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ येथे येऊन गेले. येथील २७ अध्यापकांना प्रशिक्षणासाठी तिकडे जाण्याकरिता पाठ्यवृत्त्या मिळाल्या. मुंबईपासून दूर समुद्रात ज्या क्षेत्रात १९७४ साली तेल सापडले, त्या 'मुंबई हाय'च्या रचनेचा माग साठच्या दशकात एका सोव्हिएत सर्वेक्षण जहाजाने लावला होता.

भाषेचा प्रत्यक्ष उपयोग किती दूरवर पोचतो याचे उदाहरण नौदलाने घालून दिले. १९७१ च्या डिसेंबरात कराचीवर हल्ला करणाऱ्या क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत बनावटीच्या होत्या. त्यांवरील अधिकारी व खलाशी व्लादिवोस्तोक येथे जाऊन, आधी रशियन शिकून मग यंत्रे शिकले होते. मोहिमेच्या वेळी बिनतारी संदेश शत्रूला उमगू नयेत म्हणून त्यांनी आपापसांत रशियन भाषा वापरली, ही हकिकत नौदलाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. यंत्राबरोबर माहितीपुस्तिकेचे इंग्रजी भाषांतर मागवून भागले असते असे त्या वेळी कोणी मानले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

सांस्कृतिक बाजूही तितकीच भरीव होती. घाटकोपरच्या चिरागनगरात राहणारे अण्णाभाऊ साठे यांनी महायुद्धाच्या काळात स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, १९६१ मध्ये ते सोव्हिएत संघात जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक त्यांनी लिहिले. ज्यांना शाळेचे शिक्षण जवळजवळ लाभलेच नाही, अशा लेखकाला तो देश पाहावासा व मराठीत सांगावासा वाटला. मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची आणि १९८२ मध्ये तीतून वेगळ्या निघालेल्या रादुगा प्रकाशनाची मराठी पुस्तके लोकवाङ्मय गृहामार्फत अल्प किमतीत घरोघरी पोचली. अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांमुळे एका पिढीच्या मुलांना रशियन बालकथा आपल्या भाषेत वाचावयास मिळाल्या. विज्ञानशाखेचे विद्यार्थी मीर प्रकाशनाची गणिताची व पदार्थविज्ञानाची पुस्तके वापरीत. मुंबई विद्यापीठाच्या कालिना येथील परिसरात रशियन भाषेचा विभाग आणि सोव्हिएत अभ्यासाचे केंद्र चालत होते. दिल्लीत १९६५ साली स्थापन झालेली रशियन अभ्यासाची संस्था पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. मॉस्कोत १९६० मध्ये स्थापन झालेल्या मैत्री विद्यापीठात, ज्याला १९६१ मध्ये पॅट्रिस लुमुंबा यांचे नाव मिळाले, भारतीय विद्यार्थी पहिल्या वर्षी केवळ भाषा शिकत आणि मगच अभियांत्रिकी, वैद्यक वा अर्थशास्त्राच्या वर्गात बसत.

कांद्याच्या भावासारखे शिक्षण

१९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि हा सारा डोलारा काही वर्षांतच ओसरला. रुपया-रूबल व्यवहार संपला, जुन्या कर्जाचा हिशेब जानेवारी १९९३ च्या कराराने मार्गी लागला, मॉस्कोहून येणारी मराठी पुस्तके थांबली. कालिन्याच्या केंद्राला सोव्हिएत हे विशेषण सोडून मध्य युरेशियाई अभ्यासाचे केंद्र हे नाव घ्यावे लागले. दुभाषांची मागणी घटली, ती घटल्याचे पाहून विद्यार्थी फ्रेंच, जर्मन आणि पुढे जपानीकडे वळले. महाविद्यालयांनीही जेथे पट भरतो तेथेच वर्ग चालू ठेवले.

नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याचा अनुभव येथे उपयोगी पडेल. यंदा कांद्याला भाव मिळाला की पुढील हंगामात सर्वत्र कांदा लावला जातो. तो बाजारात येईतो भाव कोसळतात. मग लागवड घटते आणि पुन्हा टंचाई येते. अर्थशास्त्रात या चक्राला कोळ्याच्या जाळ्याची उपमा देतात, कारण किंमत आणि पुरवठा आलेखावर तशीच आकृती काढीत जातात. चक्राचे मूळ एकच असते: निर्णय आजच्या भावावर घेतला जातो आणि माल मात्र उद्याच्या बाजारात येतो. कांद्याच्या बाबतीत हे अंतर चार-पाच महिन्यांचे असते. भाषा आणि प्रदेशविद्येच्या बाबतीत ते आठ-दहा वर्षांचे आहे. १९८६ साली रशियन शिकावयास बसलेल्या मुलाची पदव्युत्तर पदवी हाती आली तेव्हा ज्या देशासाठी तो शिकला तो देश नकाशावर नव्हता. उलट २०१२ साली ज्याने रशियनकडे पाठ फिरविली, त्याला दहा वर्षांनंतर येणारी मागणी कशी दिसावी?

म्हणून हे क्षेत्र केवळ विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक हिशेबावर सोपविता येत नाही. एका व्यक्तीच्या दृष्टीने रशियनचा अभ्यास जोखमीचा असला, तरी आठ-दहा जाणकार सतत उपलब्ध असणे समाजाच्या दृष्टीने मोलाचे असते. ज्या गुंतवणुकीचा लाभ अनेकांना मिळतो आणि जोखीम मात्र एकट्याने सोसावी लागते, तेथे सार्वजनिक खर्च समर्थनीय ठरतो, हे अर्थशास्त्राचे साधे सूत्र आहे. अग्निशामक दल आग लागल्यावर उभारीत नाहीत.

न वाचलेल्या कागदाची किंमत

भाषा न येण्याची किंमत केवळ निर्यातीच्या आकड्यांत मोजली जात नाही. नोकरीच्या आशेने, आणि काही जण शिक्षणाच्या निमित्ताने, रशियात गेलेल्या भारतीय तरुणांना तेथील सैन्यात दाखल करून युक्रेनच्या आघाडीवर पाठविल्याची प्रकरणे २०२४ मध्ये उघडकीस आली. त्यांतील अनेकांनी रशियन भाषेतील करारपत्रांवर मजकूर न समजता सह्या केल्याचे सांगितले. अशा १२६ भारतीयांची माहिती शासनाकडे असून त्यांपैकी १२ जण मृत्युमुखी पडले आहेत, असे परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केले. दलालांची फसवणूक हा फौजदारी प्रश्न आहे; पण सहीपूर्वी चार ओळी वाचून दाखविणारा एखादा ओळखीचा माणूस असता तर काही घरांवरचे संकट टळले असते, हेही तितकेच खरे.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न याहून सौम्य, परंतु अधिक व्यापक आहे. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशी वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असला पाहिजे आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिताही पूर्ण केली पाहिजे. व्याख्यान इंग्रजीत होईल. परंतु काझान किंवा वोल्गोग्राडच्या रुग्णालयात खाटेवरची वृद्धा आपले दुखणे इंग्रजीत सांगणार नाही. पहिल्या दोन वर्षांत भाषेकडे दुर्लक्ष करणारा विद्यार्थी तिसऱ्या वर्षापासून रुग्णाशेजारी नुसताच उभा राहतो. मायदेशी परतल्यावर द्यावयाच्या पात्रता परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण अनेक वर्षे फार कमी राहिले आहे. त्याचे हे एकमेव कारण नसले, तरी न झालेल्या संवादाचा त्यात वाटा असणारच.

मराठी विद्यार्थ्याला अनुकूल

रशियन अवघड आहे, ही समजूत निराधार नाही. ३३ अक्षरांची लिपी आठवड्याभरात येते. खरी कसोटी पुढे लागते. सहा विभक्ती, त्यांनुसार बदलणारी नामे, विशेषणे आणि संख्यावाचके, पायी जाणे व वाहनाने जाणे यांसाठी निरनिराळी क्रियापदे, आणि पूर्ण व अपूर्ण क्रियेसाठी क्रियापदांच्या जोड्या, हे सारे पाठांतराने साधत नाही. परंतु मराठी भाषकाला येथे काही उपजत सोयी आहेत. हिंदीत नसलेले नपुंसकलिंग मराठीत आहे आणि रशियनमध्येही आहे. विभक्ती ही कल्पना शालेय व्याकरणातून ओळखीची असते. 'चमचा' आणि 'चहा' यांतील दोन निराळे 'च' मराठी मूल न शिकता उच्चारते. रशियनमध्ये त्यांसाठी दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. 'वाचले' आणि 'वाचून काढले' यांतील भेद ज्याला कळतो, त्याला रशियन क्रियापदांच्या जोड्यांचे मर्म समजावयास फार वेळ लागू नये.

तिकडे जाऊन शिकण्याची वाटही बंद नाही. रशियन सरकार दरवर्षी भारतीय विद्यार्थ्यांसाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवते. त्यांत शिक्षणशुल्क माफ असते, वसतिगृहात जागा मिळते, पण विद्यावेतन तुटपुंजे असते आणि प्रवास व विमा यांचा खर्च स्वतः करावा लागतो. भाषा न येणाऱ्यांसाठी सुमारे एका शैक्षणिक वर्षाचा पूर्वतयारी वर्ग असतो. सरकारमान्य परीक्षेतील दोन पायाभूत पायऱ्या ओलांडून त्यापुढची 'पहिली पातळी' गाठली की रशियन माध्यमाच्या पदवी वर्गाचे दार उघडते. मॉस्कोची पुश्किन संस्था १९६६ पासून परकीयांना रशियन शिकविण्याचेच कार्य करीत आली आहे. प्राथमिक धडे मुंबईतच, पेडर रोडवरील रशियन सांस्कृतिक केंद्रात घेता येतात. दहिसर-बोरिवलीहून तेथे आठवड्यातून दोनदा जाणे हे मात्र तरुणांच्या चिकाटीची परीक्षा पाहणारे आहे.

अडचणी लपवून उपयोग नाही. मार्च २०२२ मध्ये व्हिसा व मास्टरकार्ड या कंपन्यांनी रशियातील व्यवहार थांबविल्यापासून भारतातील बँकेचे कार्ड तेथे चालत नाही. पैसे नेण्याची व मागविण्याची तजवीज आधी करावी लागते. त्याच महिन्यात तेथे असे कायदे झाले, की युद्धाविषयीचे एखादे विधानही शिक्षेस पात्र ठरू शकते. पालकांच्या मनात भीती असणे स्वाभाविक आहे. तथापि रशियन ही एकट्या रशियाची भाषा नाही. कझाकस्तानात आणि किर्गिझस्तानात तिला अधिकृत स्थान आहे. २०२२ नंतर अमेरिका व ब्रिटनमधील विद्यापीठांनी आपले रशियन शिकणारे विद्यार्थी अल्माटी, बिश्केक, तिबिलिसी अशा शहरांत पाठविण्यास आरंभ केला. आपल्या विद्यार्थ्यांना तो पर्याय आहेच. शिवाय पाश्चात्त्य विद्यार्थ्यांना जवळजवळ बंद झालेली मॉस्को आणि पीटर्सबर्गची दारे त्यांच्यासाठी उघडी आहेत. जगात आज फार थोड्या देशांतील तरुणांना ही दोन्ही अंगे पाहता येतात.

मैत्री आणि अभ्यास

येथे एक आक्षेप येतो. युक्रेनवर आक्रमण करणाऱ्या देशाची भाषा व संस्कृती शिकणे म्हणजे त्याच्या धोरणाला मान्यता देणे नव्हे काय? या आक्षेपाचे उत्तर मागील पिढीच्या उणिवेतच आहे. १९७१ च्या मैत्री करारानंतर आपल्याकडे रशियाविषयी जे लिहिले गेले त्यातील बराच भाग स्तुतीचा किंवा निंदेचा होता, अभ्यासाचा थोडा. दुकानांपुढील रांगा, रखडलेले उत्पादन, बिगररशियन प्रजासत्ताकांतील असंतोष यांची दखल मैत्रीच्या उत्साहात क्वचितच घेतली गेली. १९९१ चा विलय पाश्चात्त्य विद्यापीठांनाही अनपेक्षित होता हे खरे. पण निदान त्यांच्याकडे तो कसा घडला हे मूळ कागदपत्रांवरून सांगणारी माणसे होती. आपण मात्र आपल्या सर्वांत मोठ्या मित्रदेशाचे पतन लंडन-न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतून वाचले. प्रदेशविद्या म्हणजे मैत्रीचा सोहळा नव्हे. त्या देशातील अंदाजपत्रक, वृत्तपत्र, न्यायालयाचा निकाल आणि सामान्य माणसाचे पत्र स्वतः वाचून मत बनविण्याची ती शक्ती आहे. जो मित्र आहे त्याच्याविषयी ती जितकी हवी, तितकीच ज्याच्याशी उद्या मतभेद होतील त्याच्याविषयीही हवी. यंत्रे आता क्षणात भाषांतर करून देतात हा दुसरा आक्षेप. पण शब्दांमागे काय सांगितले आणि काय गाळले, हे ओळखण्यास आणि त्या भाषांतराची जबाबदारी घेण्यास माणूसच लागतो.

याबाबत समोरच्या पक्षाने आपल्यापेक्षा अधिक सातत्य दाखविले आहे. मूळचे गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९२९ साली पाली शिकविण्यास लेनिनग्राडला गेले, ते तेथील बौद्धविद्येच्या जुन्या परंपरेमुळे. तात्याना कातेनिना यांचे मराठी व्याकरणावरील पुस्तक १९६३ साली मॉस्कोत प्रसिद्ध झाले. इरिना ग्लुश्कोवा यांनी मराठी भाषा आणि विठ्ठलभक्तीची परंपरा यांच्या अभ्यासाला कित्येक वर्षे वाहून घेतले. त्यांच्या देशाचा मराठीशी व्यापार कितीसा होता? सत्ता बदलली, देशाचे नाव बदलले, तरी मराठीचा अभ्यास करणारे कोणी ना कोणी तेथे राहिले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा उभा राहिला. त्या समारंभाचे महाराष्ट्रात कौतुक झाले ते रास्तच. परंतु त्या ग्रंथालयात बसून रशियन पुस्तके वाचणारा चिरागनगरचा विद्यार्थी घडला, तर त्या पुतळ्याला अधिक अर्थ येईल.

त्यासाठी फार मोठ्या रकमेची आवश्यकता नाही. पूर्व व पश्चिम उपनगरांतील प्रत्येकी दोन कनिष्ठ महाविद्यालयांत रशियन हा भाषाविषय, पटसंख्या काहीही असली तरी, किमान दहा वर्षे चालू ठेवण्याची हमी शासनाने द्यावी. कालिना येथे अर्थशास्त्र, वाणिज्य व विधी शाखांच्या पदवीधरांसाठी रशियनची जोड असलेला अभ्यासक्रम असावा आणि त्यातील एक वर्ष मॉस्को, पीटर्सबर्ग किंवा अल्माटी येथे जावे; कारण नुसत्या दुभाषापेक्षा भाषा जाणणारा लेखापाल अथवा वकील मंदीच्या काळातही उपाशी राहणार नाही. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. ती जागतिक क्रमवारीतील विद्यापीठांशी जोडलेली आहे. तीत भाषा व प्रदेशविद्येसाठी काही जागा क्रमवारीची अट न घालता ठेवता येतील. वैद्यकासाठी रशियात जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी तीन महिन्यांचा भाषावर्ग पूर्ण करावा, अशी व्यवस्था झाल्यास सर्वाधिक लाभ त्याचाच आहे. परत येणाऱ्या या शेकडो डॉक्टरांपैकी दहांनी जरी ती भाषा टिकविली, तरी महाराष्ट्राला रशियाचे जाणकार मिळतील.

तेलाचे भाव आणि जागतिक निर्बंध उद्या बदलतील. हा व्यापार पुन्हा आटेलही. तसे झाले तर रशियनचे वर्ग बंद करण्याची सूचना पुन्हा पुढे येईल. महाविद्यालयांनी आणि शासनाने तिला नकार देण्याची तयारी आतापासूनच ठेवली पाहिजे.